घरची गंगाजळी

बालमित्रांनो,

या आठवड्यात मी तुम्हांला आकाशातल्या ग्रहांविषयी सांगणार होतो. तसं मागच्या अंकात कबूलही केलं होतं. पण सोमवारच्या टपालात एक पत्र आलं आणि ग्रह आठवडाभर पुढे गेले. ते काही पळून जात नाहीत!

पत्र आहे पारनेर तालुक्यातल्या आठवीतल्या एका मैत्रिणीचं. "नाव छापू नका, घरी अंक सगळे वाचतात," असं तिनं वरच लिहिलंय. म्हणून नाव नाही, गाव नाही. पत्र मात्र जसंच्या तसं देतो.

"काका, मी दोन वर्षांपासून गल्ल्यात पैसे टाकत होते. सायकलसाठी. आमच्या वस्तीपासून शाळा चार किलोमीटर आहे. भाऊबीजेचे, मामाने दिलेले, सुट्टीत कांदे निवडायला गेले त्याचे, असे सगळे मिळून १,८४० रुपये झाले होते. मार्चमध्ये आमच्या विहिरीवरची मोटर जळाली. रानात कांदा उभा होता. दुरुस्तीला ६,५४० रुपये लागले. पप्पांनी माझा गल्ला फोडला. मला विचारलंसुद्धा नाही. आईने डाळीच्या डब्यातून १,२०० काढून दिले. तरी पुरले नाहीत. मग ३,५०० रुपये पप्पांनी गावातल्या एकांकडून शेकडा पाच रुपयांनी आणले. मोटर सुरू झाली, कांदा वाचला. पण मी पप्पांशी आठ दिवस बोलले नाही. आता वाटतं, मी चुकले का? आणि काका, आमच्याकडे दरवेळी असंच का होतं?"

पत्र मी दोनदा वाचलं. शेवटच्या प्रश्नावर तर थांबलोच. "दरवेळी असंच का होतं?" हा प्रश्न तिच्या एकटीच्या घरातला नाही. तुमच्याआमच्या पुष्कळ घरांतला आहे. म्हणून आज त्याच्याविषयीच बोलू या.

आधी तिच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. बेटा, तुला राग आला यात तुझं काही चुकलं नाही. दोन वर्षं जमवलेले पैसे होते ते. पण पप्पांचाही इलाज नव्हता. मार्चच्या उन्हात आठ दिवस पाणी मिळालं नसतं, तर वर्षाचं पीक हातचं गेलं असतं. त्यांनी तुला विचारायला हवं होतं, एवढं मात्र खरं. त्याबद्दल पुढे पालकांशी दोन शब्द बोलणारच आहे.

मग चूक कोणाची? मोटरीची? छे! मोटर आज ना उद्या जळणारच. सायकल पंक्चर होते, गाय आजारी पडते, पत्रा उडतो, आजी अंगणात पाय घसरून पडते. कधी होईल ते सांगता येत नाही. पण वर्षातून एकदा तरी काहीतरी होणार, हे अगदी नक्की! जे नक्की होणार आहे, त्याच्यासाठी घरात वेगळा पैसा नव्हता. गोम आहे ती इथे.

शेकडा पाच म्हणजे किती?

चला, वही-पेन्सिल घ्या. "शेकडा पाच" ऐकायला किती थोडं वाटतं! शंभराला पाच. पण गावातल्या बोलीत हे व्याज महिन्याचं असतं, वर्षाचं नव्हे.

३,५०० रुपयांवर महिन्याला व्याज झालं १७५ रुपये. चार महिन्यांनी कांद्याची पट्टी हातात आली आणि पैसे परत केले, तर नुसतं व्याज ७०० रुपये. वर्षभर परत करता आले नाहीत, तर व्याज २,१०० रुपये, आणि मूळचे ३,५०० तसेच उभे! म्हणजे वर्षाला शेकडा ६० रुपये झाले. पोस्टातल्या बचत खात्यात तुम्ही शंभर रुपये ठेवलेत, तर वर्षाला चार रुपये मिळतात. द्यायचे ६०, मिळायचे ४! घरात पैसा नसतो त्या दिवशी पैसा सर्वांत महाग मिळतो. अडलेल्या माणसाला घासाघीस करता येत नाही ना!

दीडशे वर्षांपूर्वीची गोष्ट

अडलेल्या माणसाचं काय होतं, हे आपल्या जिल्ह्यानं फार पूर्वी बघितलं आहे. इतिहासाच्या पुस्तकात एक-दोन ओळींत येतं ते. जरा सविस्तर ऐका.

१८६१ साली अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण अशी यादवी सुरू झाली. इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना. मग हिंदुस्थानातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. शेतकऱ्यांच्या हातात पैसा खेळू लागला, सावकारही सढळ हातानं कर्ज देऊ लागले. १८६५ साली ती लढाई संपली आणि कापसाचे भाव कोसळले. तिकडे सरकारनं जमिनीचा सारा वाढवला होता. पाऊस पडो न पडो, सारा रोख आणि ठरल्या तारखेला भरायचा. पैसा आणायचा कुठून? पुन्हा सावकाराकडून. शिल्लक नाही म्हणून कर्ज, कर्जावर व्याज, व्याज फिटत नाही म्हणून नवं कर्ज. शेवटी जमीनच सावकाराच्या नावावर!

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी, ऐन बाजाराच्या दिवशी, लोकांचा संताप बाहेर पडला. (हे सुपे आपल्या पारनेर तालुक्यातलं नव्हे हं!) हे लोण लगेच आपल्या जिल्ह्यात आलं. पारनेर, श्रीगोंदे, नगर आणि कर्जत या तालुक्यांतल्या गावांतही दंगे झाले. लोकांनी काय मागितलं असेल? सोनंनाणं? नाही. त्यांचा रोख होता कर्जरोख्यांवर आणि खतावण्यांवर. ते कागद त्यांनी भर चौकात जाळले. इतिहासात याला "दख्खनचे दंगे" म्हणतात. सरकारनं चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा केला.

कायदे झाले, ते हवेतच. आजही आपल्या राज्यात परवान्याशिवाय सावकारी करणं गुन्हा आहे. त्यासाठी २०१४ सालचा कायदा आहे. पण कायदा असला म्हणून रात्री अकरा वाजता मोटर दुरुस्त होत नाही, हेही तितकंच खरं. त्या वेळी घरातली चार पैशांची शिल्लकच उपयोगी पडते.

आणि मोठ्या ताई-दादांनो, जरा इकडे लक्ष द्या. आता सावकार मोबाइलमध्येही येऊन बसला आहे. "दोन मिनिटांत कर्ज, कागदपत्रं नकोत!" अशा जाहिराती तुम्ही पाहिल्या असतील. असलं एखादं अ‍ॅप तुमच्या मोबाइलमधले सगळे नंबर आणि फोटो घेऊन बसतं आणि हप्ता चुकला की नातेवाइकांना फोन करून बदनामी करतं. आई-बाबांना विचारल्याशिवाय तिकडे बोटसुद्धा लावू नका.

आजीचं पेव आणि गावाची बँक

तुम्ही म्हणाल, काका, शिल्लक ठेवणं ही पैसेवाल्यांची कामं. तसं नाही. आपली खेड्यातली माणसं शिल्लक ठेवण्यात मोठी हुशार होती. फक्त ती शिल्लक रुपयांत नसे.

जमिनीत खोल खड्डा करून त्यात ज्वारी भरून ठेवत, त्याला म्हणत पेव. घरात शेणानं लिंपलेली कणगी असे. आणि पुढच्या पेरणीचं बियाणं तर वेगळंच बांधून ठेवलेलं असे. कितीही ओढ लागली, तरी बियाण्याच्या मडक्याला हात लावायचा नाही, अशी घराची रीत. सणाला नाही, पाहुण्याला नाही. ते बियाणं खाल्लं की पुढचं वर्ष खाल्लं!

शेळ्या-कोंबड्याही म्हणजे चालतीबोलती शिल्लकच. अडचण आली की शेळी बाजारात न्यायची. पण यात एक खोट आहे. तुम्ही अडलेले आहात हे व्यापाऱ्यानं ओळखलं की तो भाव पाडतो. आणि दुष्काळ पडला की सगळेच आपापली जनावरं एकदम बाजारात आणतात. मग तर विचारायलाच नको. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी तुमच्या आजी-आजोबांना विचारा. खडी फोडायची कामं, तांबडी मिलो, सुकडी, हे शब्द काढलेत की ते आपोआप बोलायला लागतील. त्या वर्षी कणग्या रिकाम्या झाल्या होत्या.

म्हणूनच पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीनं जे केलं ते मला फार आवडतं. १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकारानं गावानं पाणी अडवायला सुरुवात केली, हे तुम्हांला ठाऊक आहेच. त्याच गावात १९८० च्या सुमारास एक धान्य बँक सुरू झाली. ज्याच्याकडे गरजेपेक्षा जास्त पिकलं, त्यानं थोडं धान्य तिथे द्यायचं. ज्याचं पीक बुडालं, त्यानं तिथून न्यायचं. नेलं की विसरायचं नाही हं! पुढच्या सुगीला तेवढं धान्य आणि वर थोडं जास्त परत आणून घालायचं. म्हणजे बँक रिकामी होत नाही, उलट भरत जाते. ज्वारीसाठी कोणाच्या दारात हात पसरायला नको आणि शेळीही कवडीमोल विकायला नको.

नगर तालुक्यातलं हिवरे बाजार हे गाव तर पाण्याची शिल्लक मोजतं. पाऊस किती पडला, विहिरींना पाणी किती आहे, याचा तिथे दरवर्षी ताळेबंद मांडतात. आधी पिण्याचं पाणी आणि जनावरांचं पाणी बाजूला काढायचं. मग उरलेल्यात कोणती पिकं घ्यायची ते ग्रामसभेत ठरवायचं. पाऊस कमी, तर जास्त पाणी पिणारं पीक नाही. शेतीसाठी बोअर पाडायला तर तिथे बंदीच आहे. त्यांची युक्ती नीट पाहा. खर्च करून उरेल ते शिल्लक, असं ते म्हणत नाहीत. आधी शिल्लक काढतात आणि मग उरेल ते खर्च करतात! पैशाचंही अगदी असंच करायचं असतं.

देशाच्या तिजोरीतही?

या शिल्लकीला आपल्या भाषेत एक सुंदर शब्द आहे. गंगाजळी. पूर्वी काशीयात्रेला गेलेली माणसं गंगेचं पाणी तांब्याच्या लहान भांड्यात झाळून आणत. ते भांडं म्हणजे गंगाजळी. ते रोज पाणी प्यायला कोणी उघडत नसे. अगदी शेवटच्या, मोलाच्या वेळेसाठी ते जपून ठेवलेलं असे. पुढे राखून ठेवलेल्या पैशालाच गंगाजळी म्हणू लागले. वर्तमानपत्रात "परकीय चलनाची गंगाजळी" असं वाचता ना, ते हेच.

आणि गंमत म्हणजे, गंमत कसली, काळजीचीच गोष्ट, एकदा आपल्या देशाची गंगाजळीसुद्धा आटली होती! १९९१ साली. पेट्रोल, खतं अशा वस्तू परदेशातून आणायला लागणारं परकीय चलन जेमतेम दोन-तीन आठवडे पुरेल इतकंच उरलं. तेव्हा देशानं काय केलं? तुमच्या आईनं अडचणीत कानातलं गहाण ठेवावं तसं केलं. आधी मे महिन्यात २० टन सोनं परत विकत घेण्याच्या बोलीवर दिलं, आणि जुलैत रिझर्व्ह बँकेनं सुमारे ४७ टन सोनं इंग्लंडच्या आणि जपानच्या बँकांकडे तारण ठेवलं. देश त्यातून सावरला. आणि १८ वर्षांनी, २००९ साली, त्याच आपल्या देशानं आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून २०० टन सोनं विकत घेतलं! अडचण कोणावरही येते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण त्यातून बाहेर आल्यावर गंगाजळी पुन्हा भरायची असते, ती गोष्ट विसरायची नाही.

दोन डबे हवेत

आता आपल्या मैत्रिणीच्या घराकडे परत येऊ. तिच्या घरात पैसे नव्हते असं नाही. गल्ल्यात होते, डाळीच्या डब्यात होते. पण प्रत्येक पैशाचं काम आधीच ठरलेलं होतं. गल्ला सायकलचा. डाळीच्या डब्यातले पैसेही आईनं कशाकशासाठी मनात धरलेले असणार. मोटरीच्या नावाचं त्यात काहीच नव्हतं. म्हणून मोटरीनं सायकल खाल्ली.

यावर उपाय म्हणजे दोन डबे. एक डबा हव्या असलेल्या वस्तूचा: सायकल, सहल, क्रिकेटची बॅट. दुसरा डबा नको असलेल्या गोष्टींचा: आजारपण, मोडतोड, अपघात. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहा "गंगाजळी".

दुसऱ्या डब्याला हात लावण्याआधी तीन प्रश्न विचारायचे.

१. हे अचानक आलं आहे का?
२. हे केल्यावाचून चालणारच नाही का?
३. हे आत्ताच करायला हवं का?

तिन्हींचं उत्तर "हो" आलं, तरच डबा उघडायचा. उदाहरणं घेऊ. बाबांना ताप आला, दवाखान्यात न्यायचं आहे. हो, हो, हो! उघडा डबा. दिवाळीचे कपडे? दिवाळी अचानक येते का? कॅलेंडरमध्ये छापलेली असते! जूनमधली वह्या-पुस्तकं? जून दरवर्षी येतो. ताईचं लग्न? तेही एका रात्रीत ठरत नाही. या खर्चांसाठी वेगळी तरतूद करायची, गंगाजळीतून नाही. आणि मित्रानं नवा मोबाइल घेतला म्हणून आपल्यालाही हवा? या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच द्या!

किती आणि कसे?

जाणकार सांगतात की घरचा तीन ते सहा महिन्यांचा खर्च भागेल एवढी गंगाजळी असावी. समजा, एका घराला महिन्याला १२,००० रुपये लागतात. तीन महिन्यांचे झाले ३६,०००. बाप रे! आकडा बघूनच डबा माळ्यावर जायचा. म्हणून एकदम एवढं मोठं बघायचंच नाही. पायऱ्या करायच्या.

पहिली पायरी १,००० रुपये. म्हणजे रात्री दवाखान्यात जायला गाडीभाडं आणि औषधं यांची सोय झाली. दुसरी पायरी ५,००० रुपये. तिसरी पायरी एका महिन्याचा खर्च. मग पुढचं पुढे.

पण जमवायचे कसे? आपल्याकडे पुष्कळ घरी दूध डेअरीला जातं आणि दर दहा दिवसांनी दुधाचा पगार होतो. महिन्यात तीन पगार, वर्षात छत्तीस. प्रत्येक पगारातून फक्त १०० रुपये आधी बाजूला काढले, तर वर्षाला ३,६०० रुपये. आठवलं का काही? आपल्या मैत्रिणीच्या पप्पांनी ३,५०० रुपये कर्ज काढलं होतं! दहा दिवसांतून एकदा शंभर रुपये, म्हणजे रोजचे दहा, एवढ्यानं ते कर्ज टळलं असतं.

ज्यांच्या घरी दूध नाही, त्यांनी महिन्याच्या पगारातून, कांद्याच्या पट्टीतून किंवा उसाच्या बिलातून काढावेत. शेतीचा पैसा एकदम येतो आणि मग चार-चार महिने येत नाही. म्हणून तो येतो त्याच दिवशी थोडा वेगळा काढावा. मजुरीवर चालणाऱ्या घरी दिवसाला पाच रुपयेही पुष्कळ झाले. वर्षाचे १,८२५ होतात. काही आठवडे तेही जमणार नाही. न जमलं तर नाही जमलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा सुरू करायचं. आणि ज्या घरात दोन वेळच्या भाकरीचीच ओढाताण आहे, तिथे बचत होत नाही म्हणून कोणी नावं ठेवू नयेत. त्यांच्यासाठी गावाची धान्य बँक, बायकांचा बचत गट, शेजारधर्म हीच गंगाजळी असते. ती आपण सगळ्यांनी मिळून भरायची.

ठेवायचे कुठे?

हाताशी, पण हातात नाही! थोडे पैसे घरात, कारण रात्री-अपरात्री बँक उघडी नसते. बाकीचे पोस्टात किंवा बँकेत, जिथून हवे तेव्हा काढता येतील. पोस्टाचं बचत खातं ५०० रुपयांत निघतं आणि दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलांना ते स्वतःच्या नावानं चालवताही येतं. पासबुकावर आपलं नाव बघताना काय छान वाटतं म्हणून सांगू!

जास्त व्याजाच्या मागे मात्र गंगाजळी नेऊ नये. हे पैसे वाढायला ठेवलेले नाहीत, वेळेला सापडायला ठेवलेले आहेत. आपल्या जिल्ह्यातल्या मोठ्या माणसांना हे वेगळं सांगायला नको. ऑक्टोबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं नगर अर्बन सहकारी बँकेचा परवाना रद्द केला, तेव्हा कितीतरी घरांत हीच चर्चा होती. अशा वेळी बँकेतल्या ठेवींना विम्याचं संरक्षण असतं. २०२० सालापासून ते एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासकट पाच लाख रुपयांपर्यंत आहे. सहकारी बँकांनाही ते लागू आहे. पण पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. पतसंस्थेतल्या ठेवींना हा विमा लागू नाही. दोन्हींच्या पाट्या सारख्याच दिसतात, म्हणून विचारून घ्यावं.

आणि गंगाजळीच्या डब्यात पैशांबरोबर आणखी एक वस्तू ठेवा. एक कागद. त्यावर रेशनकार्डाचा आणि आधारकार्डांचा नंबर, डॉक्टरांचा फोन, आणि मोठ्या अक्षरांत १०८. ही रुग्णवाहिका फुकट येते. घाबरलेल्या माणसाला साधा नंबरही आठवत नाही. वेळेवर सापडलेला कागद कधीकधी नोटेपेक्षा मोलाचा ठरतो.

दोन शब्द पालकांशी

मुलांच्या गल्ल्याला हात लावण्याची वेळ कधी येऊ नये. पण आलीच, तर आधी त्यांना जवळ बसवून सांगा. "तुझे पैसे उसने हवेत, अमुक महिन्यात परत देईन," असं म्हणा आणि ते वहीत लिहा. ठरल्या वेळी परत द्या, एकदम नाही तर हप्त्यानं. मुलं घासातला घास काढून देतात, पण न विचारता घेतलेलं विसरत नाहीत. गल्ला एकदा न विचारता फुटला की पुढच्या वेळी मूल साठवतच नाही. "साठवून काय उपयोग, कोणीतरी घेणारच," ही शिकवण फार महाग पडते. उलट दिलेला शब्द पाळलात, तर त्याला बँक म्हणजे काय ते शाळेआधी घरीच कळेल.

या आठवड्याचा उपक्रम

रविवारी संध्याकाळी आई, बाबा, आजी, आजोबा सगळ्यांना एकत्र बसवा. वहीचं एक पान घ्या आणि गेल्या वर्षभरात घरात अचानक आलेले खर्च लिहून काढा. काय झालं, किती लागले, पैसे कुठून आणले, असे तीन रकाने करा. शेवटी बेरीज करा. ती बेरीज म्हणजे तुमच्या घराच्या गंगाजळीचा पहिला मोठा टप्पा! बेरजेला बारानं भागा. महिन्याला किती काढायला हवेत ते कळेल. सगळे जमणार नसतील, तर निम्म्यानं सुरुवात करा. आजीला मात्र विचारायला विसरू नका की ती तिच्या काळी अडीअडचणीसाठी काय राखून ठेवत होती आणि कुठे लपवत होती. जागा सांगणार असेल तरच मला कळवा हं!

आणि पारनेरच्या माझ्या मैत्रिणी, तुझ्या पत्राखाली एक ताजा कलम होता, तो मी मुद्दाम शेवटी ठेवला. तू लिहिलं आहेस, "परवा कांद्याची पट्टी आली. पप्पांनी मला न सांगता माझ्या नव्या गल्ल्यात ५०० रुपये टाकले. मला आवाज आला होता, मी जागी होते." बेटा, उद्या सकाळी तूच त्यांच्याशी आधी बोल. मग दोघं मिळून दुसरा डबा शोधा. डाळीचा रिकामा डबा असला तरी चालेल. पहिले दहा रुपये तू टाक, पुढचे दहा त्यांना टाकू दे. सायकल थोडी उशिरा येईल. पण पुढच्या वेळी मोटर जळाली, तर ती तुझी सायकल खाणार नाही.

पुढच्या आठवड्यात ग्रह नक्की!

तुमचा,
काका